आधी दिवे घालवा आणि पलंगापासून दारापर्यंत चालून बघा

पत्राचा सारांश: एका ताईंनी लिहिलंय. नवव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतलाय, घरात नवरा, शाळकरी मुलगी आणि वॉकर घेऊन चालणारे सासरे. इंटिरियरचं काम नवऱ्याच्या मामेभावाकडे दिलंय. त्याच्या प्लॅनमध्ये मेन डोअरला लागूनच असलेल्या किचनची भिंत आणि दार पाडून ओपन किचन, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत लाकडी पट्ट्यांचं पॅनेलिंग, बेडमागे भिंतभर कुशनचं हेडबोर्ड, सगळीकडे फॉल्स सीलिंग, आणि बिल्डरने दिलेलं "साधं" मेन डोअर काढून नवं कोरीव दार, त्याला डिजिटल लॉक. दोन महिन्यांपूर्वी समोरच्या विंगमधल्या एका फ्लॅटला आग लागली. माणसं सुखरूप बाहेर आली, पण ताईंनी खिडकीतून ते सगळं बघितलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडालीये. भाऊजी म्हणतात, "वहिनी, सगळं मटेरियल फायरप्रूफ आहे." नवरा म्हणतो, "एवढा विचार केला तर माणसाने घरच सजवू नये." ताई विचारतात: "हे सगळं कॅन्सल करायला लावू का? की मीच घाबरट आहे? नात्यातला माणूस, दुखावला तर कायमचं होईल. आणि खरं सांगते, ते डिझाइन मलाही आवडलंय." खाली सही केलीये, "घाबरट वहिनी".

घाबरट वहिनी,

सही बदला आधी. डोळ्यांसमोर एक घर काळं झालेलं बघून, आपलं घर बांधताना चार प्रश्न पडले तर त्याला घाबरटपणा म्हणत नाहीत. पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली, ती म्हणजे तुम्ही दोनच पर्याय ठेवलेत, एक तर सगळं कॅन्सल नाहीतर गप्प बसून सगळं मान्य. जणू सुंदर घर एका पारड्यात आणि सुरक्षित घर दुसऱ्यात. तसं नसतं हो. तुमच्या यादीतल्या पाच गोष्टींपैकी एक मी बिनधास्त करू देईन, एकीत थोडा फेरफार करून घेईन, दोनांवर भांडेन आणि एकीला हातच लावू देणार नाही. कुठल्या ते सांगते, पण त्याआधी तो "फायरप्रूफ" शब्द जरा बाजूला काढून ठेवूया, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

लाकूड फायरप्रूफ नसतं. प्लायही नसतो. फायर रिटार्डंट प्लाय म्हणून एक प्रकार मिळतो, त्याला रसायनाची प्रक्रिया केलेली असते, तो उशिरा पेटतो आणि आग त्याच्यावरून हळू पसरते, पण जळतो तोही. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ज्याला फायरप्रूफ म्हणून सांगितलं जातं तो निघतो मरीन प्लाय किंवा वॉटरप्रूफ प्लाय, ज्याचा संबंध पाण्याशी आणि आतल्या गोंदाशी, आगीशी काही नाही. भाऊजी खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाहीये, त्यांना दुकानदाराने सांगितलं, दुकानदाराला कंपनीच्या माणसाने सांगितलं, असं ते खाली उतरत येतं. शिवाय समजा प्लाय खरंच चांगला आणला, तरी त्याच्यावर लॅमिनेट किंवा व्हिनियर, मध्ये चिकटवायचा गोंद, वरून पॉलिश, हे सगळं मिळून जी वस्तू तयार होते ती कशी जळते हा प्रश्न वेगळाच.

म्हणून "फायरप्रूफ आहे का" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. "टेस्ट रिपोर्टमध्ये कुठला क्लास आहे" असं विचारा. अमेरिकन पद्धतीत भिंतीला आणि छताला लावायच्या मटेरियलला आग किती वेगात पसरते त्याचा एक आकडा देतात. त्या मापात सिमेंट बोर्डाला 0 आणि रेड ओकच्या लाकडाला साधारण 100 धरलंय. 0 ते 25 म्हणजे क्लास ए, 26 ते 75 बी आणि 76 ते 200 सी. म्हणजे चांगलं टणक ओकचं लाकूडसुद्धा सी मध्ये बसतं, बघा. युरोपात ए1 पासून एफ पर्यंत अक्षरं असतात आणि त्यापुढे एस1, एस2, एस3 म्हणजे धूर किती, डी0, डी1, डी2 म्हणजे जळते थेंब खाली पडतात का. ब्रोशरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात हे छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तेही एक उत्तरच झालं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुम्ही खिडकीतून बघितलेल्या दृश्यामुळे तुमच्या मनात चुकीची बसली असेल. तुम्हाला ज्वाळा दिसल्या. आत असलेल्या माणसाला ज्वाळा बऱ्याचदा दिसतच नाहीत, त्याच्यापर्यंत आधी धूर पोचतो. आगीत दगावणारी बहुतेक माणसं भाजून नाही, धुराने जातात. त्यामुळे तुमच्या घराला विचारायचा प्रश्न "हे पेटेल का" एवढाच नाहीये, काहीतरी कधीतरी पेटू शकतंच, एखादा चार्जर, एखादी कढई. खरा प्रश्न असा की पेटल्यावर आम्हाला किती मिनिटं मिळणार, आणि तेवढ्या मिनिटांत आम्ही दारापर्यंत पोचणार का. ही मिनिटं कोण ठरवतं माहितीये? जास्त करून डिझायनर. सोफा कशाचा, छत कशाचं, दार कुठे, पॅसेज किती रुंद, हे सगळं त्याच्या पेन्सिलीतून येतं.

अमेरिकेतल्या यूएल या टेस्टिंग करणाऱ्या संस्थेने शेजारी शेजारी दोन हॉल उभे केले, एकात जुन्या पद्धतीचं फर्निचर, लाकूड, कापूस वगैरे, आणि दुसऱ्यात आजकालचं, फोमचा सोफा, पॉलिस्टरचे पडदे, सिंथेटिक कार्पेट. दोन्हीकडे सोफ्यावर एक मेणबत्ती. आजच्या खोलीने चार मिनिटांच्या आत पूर्ण पेट घेतला. जुन्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला. पूर्ण पेट घेणं म्हणजे काय तर छताखाली साठलेला गरम धूर 500-600 डिग्रीपर्यंत जातो आणि त्या उष्णतेने खोलीतल्या सगळ्याच वस्तू एकदम भडकतात, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, त्या खोलीत त्यानंतर कोणी वाचत नाही. अर्धा तास आणि चार मिनिटं यांतला फरक फक्त सामानाचा होता.

हे मी तुम्हाला अजून घाबरवायला सांगत नाहीये. हे अशासाठी की तुमचा नवरा म्हणतो तसा हा "विचार करत बसण्याचा" विषय नाही, मोजायचा विषय आहे, आणि मोजता आलं की भीती जरा आटोक्यात येते असा माझा अनुभव.

तर आज रात्री एक करा. तुम्ही आता राहताय त्या घरातच करा, नवं घर अजून रिकामं असेल तर तिथेही करा. सगळे दिवे घालवा, डोळे मिटा, आणि पलंगावरून उठून मेन डोअर उघडून बाहेर पाय ठेवेपर्यंत चाला. पावलं मोजा, कुठे काय लागतंय ते लक्षात ठेवा. मी केलं तेव्हा सव्वीस पावलं झाली, दोनदा आपटले, एकदा पॅसेजमधल्या बुटांच्या बाकावर गुडघा, जो बाक मीच हौसेने करून घेतला होता, आणि दारापाशी पोचल्यावर वरची कडी डोळे मिटून सापडेना. अकरा वर्षं राहतेय मी त्या घरात. आता हेच चालणं सासऱ्यांच्या वॉकरसोबत करा. आणि मग भाऊजींचं ड्रॉइंग टेबलावर पसरा आणि त्याच्यावरून बोट फिरवा, प्रत्येक बेडरूमपासून दारापर्यंत. तुमचं कुठे अडतं ते मी न सांगताही दिसेल.

मला काय दिसलं ते सांगते. तुमचं बोट पॅसेजमधून जातं, मग किचनच्या तोंडावरून जातं, मग दाराशी येतं. दुसरा रस्ता नाही. म्हणजे पॅसेज आणि किचन या दोन जागांवर अख्खं घर टांगलेलं आहे, आणि प्लॅनमध्ये नेमकं पॅसेजला लाकूड वाढतंय आणि किचनचं दार जातंय. त्या दोन गोष्टींवर मी भांडेन म्हटलं ते याच.

पॅसेजचं आधी. लाकडी पट्ट्या दिसायला छान दिसतात, मलाही आवडतात, पण शेकोटी पेटवताना आपण कधी ओंडक्याला काडी लावत नाही, बारीक ढलप्यांना लावतो, कारण बारीक लाकडाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि कडा लवकर तापतात. भिंतीवर उभ्या पट्ट्या, मध्ये फटी, मागे बॅटन (पॅनेल ठोकायला भिंतीवर मारतात त्या आडव्या पट्ट्या) मारल्यामुळे पोकळी, आणि आग तर आडवी पसरते त्याच्यापेक्षा उभी कितीतरी वेगाने चढते. म्हणजे बाहेर पडायच्या एकुलत्या एक बोळाला आपण दोन्ही बाजूंनी ढलप्या लावून ठेवतोय. जगभरच्या नियमांत बाहेर पडायच्या वाटेवरच्या भिंतींना सगळ्यात कडक क्लास मागतात तो उगाच नाही. ते नियम मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठी असतात, घराच्या आतल्या पॅसेजला कोणी तपासायला येत नाही, पण आग काय नियमाचं पुस्तक वाचून येते का.

आणि अजून एक, हे कोणी बोलत नाही. पॅसेज तीन फुटी धरा, छत्तीस इंच. दोन्ही बाजूंना बॅटन अधिक पट्टी मिळून दोन-दोन इंच गेले की उरले बत्तीस. वॉकर स्वतःच दोन फुटांच्या आसपास रुंद असतो. म्हणजे सासऱ्यांच्या बाजूने त्यांना धरून चालायला जागाच नाही, तुम्ही पुढे किंवा मागे. रोज दुपारी बाथरूमला जाताना हे चालून जाईल, धुरात नाही चालणार.

मग करायचं काय? पॅसेजच्या भिंती प्लास्टरच्याच ठेवा आणि रंगाने खेळा, टेक्स्चर करा, एखादा कोनाडा करून त्यात दिवा सोडा. अगदी पॅनेलसारखंच हवं असेल तर जिप्सम बोर्डात पट्ट्या कोरून रंगवता येतात. जिप्समची मजा अशी की त्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणी असतं, दगडात बांधलेलं, आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघत राहतं आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर डिग्रीच्या आसपासच राहते. आणि लाकडी पट्ट्यांची हौस? ती हॉलमध्ये टीव्हीच्या मागे भागवू द्या भाऊजींना. तिथे एकाच भिंतीवर असेल, कोणाच्या वाटेत नसेल, मागची वायरिंग नीट पाइपातून नेली असेल, तर माझी काही हरकत नाही. लाकूड नकोच असं मी कुठे म्हणतेय, जागा चुकली एवढंच.

किचन. ओपन किचनला माझा तात्त्विक विरोध नाही, पण किचन घराच्या आतल्या टोकाला असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमचं आहे ते बेडरूम आणि मेन डोअरच्या मधोमध. घरातल्या आगी सगळ्यात जास्त जिथे सुरू होतात ती जागा तुमच्या एकमेव वाटेवर उघडी करायची हे मला पटत नाही. भिंत राहू दे, दार राहू दे. उजेड आणि मोकळेपणा हवा असेल तर भिंतीत वरच्या भागात काचेची खिडकी काढा, किंवा हॉलच्या बाजूला बंद होणारी सर्व्हिंगची खिडकी करा. काच साधी असेल तर आगीत तडकणार, हे खरं, पण सुरुवातीची काही मिनिटं धूर अडवायला बंद दार आणि बंद काच पुरेशी उपयोगी असते, आणि आपलं सगळं गणित त्या सुरुवातीच्या मिनिटांचंच आहे. ओपनच करायचं ठरलं घरात (कारण मला माहितीये, चार माणसांत शेवटी काय ठरतं ते माझ्या हातात नाही) तर निदान शेगडी पॅसेजच्या तोंडापासून लांबच्या भिंतीला घ्या, तिच्याजवळ पडदा किंवा उघडं शेल्फ नको, आणि किचनमध्ये धूर ओळखणारा स्मोक डिटेक्टर नको, उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर लावा, नाहीतर फोडणीला रोज बोंबलेल आणि आठ दिवसांत कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल. अग्निशामक सिलेंडर शेगडीच्या शेजारी टांगू नका, आग तिथेच असेल तर हात कसा घालणार, किचनमधून बाहेर पडतो त्या टोकाला टांगा.

हातच लावू देणार नाही म्हटलं ती गोष्ट म्हणजे मेन डोअर. बिल्डरने दिलेलं ते "साधं" दार कदाचित साधं नाहीये. उंच इमारतींमध्ये पुष्कळदा फ्लॅटचं दार फायर रेटेड, म्हणजे ठरावीक वेळ आग अडवून धरणारं, असतं. कडेला एक छोटं लेबल असतं ते बघा, वर आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर असतो, आणि चौकटीच्या खाचेत एक पातळ पट्टी असते जी तापली की फुगते आणि दाराची फट बुजवते. सुतार लोक ती पट्टी कचरा समजून उपटून टाकतात, मी डोळ्यांनी बघितलंय. असं दार असेल तर ते काढू नका, त्याला खिळे-पॅनेल ठोकू नका, फार तर आवडीचा रंग द्या. कारण बाहेरच्या लॉबीत धूर असेल तर तेच दार तुम्हाला आत सांभाळतं आणि आग तुमच्याकडे असेल तर शेजाऱ्यांना. डिजिटल लॉकचं म्हणाल तर हेच दार न पोखरता बसत असेल तरच, आणि तेही बघून घ्या की आतल्या बाजूने नुसता दांडा खाली केला की उघडतंय, बॅटरी संपलेली असताना, वीज गेलेली असताना, किल्लीशिवाय आणि पासवर्डशिवाय. दुकानात बॅटरी काढायला लावून उघडून बघा, लाजू नका.

दारांचं एवढं का लावलंय म्हणाल तर 1942 साली बॉस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागली, 492 माणसं गेली. आत छताला कापड ताणलेलं, खोटी नारळाची झाडं, सगळी सजावट भराभर पेटली, आणि पुढचं दार होतं गोल फिरणारं, ते गर्दीने अडकलं, बाकीची काही दारं कुलूपबंद, काही आत उघडणारी. सजावटीने वेळ खाल्ला आणि दाराने वाट अडवली. त्यानंतर सार्वजनिक जागांच्या सजावटीचे आणि दारांचे नियम पुष्कळ ठिकाणी बदलले. क्लब आणि घर यांत फरक आहे हे मान्य, पण तुमच्या प्लॅनमध्येही सजावट आणि दार या दोनच गोष्टी एकमेकींना भिडताहेत.

हेडबोर्ड. इथे फेरफार. भिंतभर फोम मला नको वाटतो. पॉलियुरेथेन फोम, सोफ्यात असतो त्याच जातीचा, पेटला की फार वेगाने जळतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा गॅसही सोडतो. 2003 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला द स्टेशन नावाच्या क्लबमध्ये भिंतीला आवाज अडवायला लावलेला फोम फटाक्यांच्या ठिणगीने पेटला, दीड मिनिटात आत थांबणं अशक्य झालं, 100 माणसं गेली. दहा वर्षांनी ब्राझीलमध्ये किस नावाच्या क्लबमध्ये छताच्या फोमने तसंच, 242. घरात हा फोम सोफ्यात, गादीत आहेच, तो तर काढता येणार नाही. पण भिंतीवर तो उभा लावणं आणि ते उशाशी, हे टाळता येतं. हेडबोर्ड बेडच्या रुंदीएवढंच आणि दोन-अडीच फूट उंच करा, आत फोम घालायचाच तर फायर रिटार्डंट ग्रेडचा रिपोर्टसकट मागा, कापड शक्य असेल तर जातीचंच आग न धरणारं घ्या, कारण नुसती वरून प्रक्रिया केलेली कापडं धुण्यात हळूहळू ती प्रक्रिया सोडतात. आणि एक कळकळीचं, हेडबोर्डच्या आत प्लग पॉइंट देऊ नका. मोबाइलचा चार्जर, उशी आणि फोम हे तिघे एकत्र रात्रभर झोपवू नका.

फॉल्स सीलिंग बिनधास्त करा. हो, हीच ती गोष्ट, पण जिप्समची करा, थर्मोकोल किंवा पीव्हीसीच्या शीटची नको, थर्मोकोल वितळून जळते थेंब टाकतो, पीव्हीसी तापून मऊ पडतं आणि घातक धूर सोडतं, आणि उष्णता तर सगळ्यात आधी छतालाच भिडते. आणि दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, छताला बिल्डरचे स्प्रिंकलर किंवा डिटेक्टर असतील तर ते फॉल्स सीलिंगच्या वर झाकले जाता कामा नयेत. स्प्रिंकलरच्या तोंडाला जी लाल काचेची कुपी असते ती 68 डिग्रीला फुटते आणि मग पाणी येतं. तुम्ही तिला सीलिंगच्या वर कोंडलीत तर खाली सगळं पेटलं तरी वरती ती थंड बसेल. पाइप वाढवून हेड सीलिंगच्या खाली आणावं लागतं, आणि ते इमारतीची फायर सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसानेच करायचं काम आहे, इंटिरियरच्या प्लंबरने नाही. रंगाऱ्याला सांगा त्या हेडवर ब्रश फिरवायचा नाही.

दुसरी, माझी स्वतःची कथा. आमच्याकडे हॉलमध्ये कोव्ह लाइट, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेले दिवे, केले, छान पिवळा उजेड, पाहुणे कौतुक करायचे. सहा-सात महिन्यांनी संध्याकाळी एक वास यायला लागला, तापलेल्या प्लास्टिकचा, दिवे बंद केले की तासाभरात जायचा. नवरा म्हणाला खालच्या मजल्यावरून येतोय. मीही मानलं, दोन आठवडे मानलं. मग एक दिवस छतावर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून तो तुकडा कापला तर वर काय, एलईडीचा ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा छोटा डबा) सुताराने सोडलेल्या भुश्श्यात पालथा पडलेला, बाजूला पॅकिंगचा थर्मोकोल, वायरींचा जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला आणि टेप बिस्किटासारखी कुरकुरीत झालेली. एमसीबी पडला नव्हता. पडतही नाही, कारण साधा एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट ओळखतो, सैल जोड तापतोय हे त्याला कळतच नाही. तिथे जिप्सम होतं म्हणून डागावर भागलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, ड्रायव्हर आणि जोड हात घालता येईल अशा जागी, झाकण असलेल्या बॉक्समध्ये ठेवायला लावा, आणि सीलिंग बंद करायच्या आधी स्वतः शिडीवर चढून (किंवा मुलीला चढवून) आतले फोटो काढून ठेवा. बंद होण्याआधी भुसा झाडून घ्यायला लावा, सुतार हसेल, हसू दे.

सासऱ्यांच्या खोलीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्यांना पॅसेजच्या शेवटची खोली दिलीये, शांत आहे म्हणून. ही शांतता त्यांनी मागितली का तुम्ही सगळ्यांनी ठरवलीत? विचारा एकदा. सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सगळ्यात लांबची खोली, हे कागदावर कोणाच्याच लक्षात येत नाही. खोल्या बदलता आल्या तर माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात मोठा बदल तो असेल आणि त्याला खर्च काहीच नाही. नाहीच बदलता आल्या तर त्या खोलीला भरीव दार द्या, पोकळ नको, आणि रात्री ते बंद ठेवायची सवय लावा. यूएलच्याच प्रयोगांत आग लागलेल्या घरात उघड्या दाराच्या खोलीत 500 डिग्रीच्या वर गेलं आणि बंद दाराच्या खोलीत 40 च्या आत राहिलं. नुसतं बंद दार. रात्री हाक ऐकू येणार नाही ही त्यांची भीती असणार, मग एक वायरलेस बेल द्या उशाशी, आणि स्मोक अलार्म प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बाहेर पॅसेजमध्ये एक असे एकमेकांना जोडलेले घ्या, एक वाजला की सगळे वाजतात. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, दहा वर्षांनी बदला. खिडकीला ग्रिल असेल तर तिचा एक भाग आतून उघडणारा हवा, कारण पॅसेज धुराने भरला असेल तर खोलीतच दार बंद करून, फटीला ओला कपडा लावून खिडकीशी थांबावं लागतं, नवव्या मजल्यावर हे जास्तच खरं.

बॅटरीची स्कूटर किंवा सायकल असेल आणि ती दाराशी चार्ज करायचा विचार असेल तर तो सोडा. बुटांचं कपाट दाराच्या आत किंवा बाहेर लॉबीत, दोन्ही नको. अग्निरोधक रंगाचे डबे कोणी विकायला आलं तर लगेच भुलू नका, ते कोऱ्या लाकडावर ठरलेल्या जाडीचे हात दिले तरच काम करतात, पॉलिशवरून एक हात मारून नाही.

राहिला भाऊजींचा प्रश्न, आणि पत्रात तुम्ही खरं तर त्याच्यावरच अडकलाय असं मला वाटतं. "मला भीती वाटते" असं त्यांना म्हणू नका, कारण भीतीला समोरचा समजूत घालतो, बदल करत नाही. त्यांना ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज करा, साधारण असा: "भाऊजी, डिझाइन फार आवडलं. बाबांच्या वॉकरमुळे तीन गोष्टी बघायच्यात. पॅसेज मोकळा किती राहतो ते इंचात सांगा. पॅनेल आणि फोमचे टेस्ट रिपोर्ट पाठवा. मेन डोअर फायर रेटेड आहे का ते बघून सांगा, असेल तर तेच ठेवूया." बस. यात कोणाची अक्कल काढलेली नाही, आणि डिझायनर माणसाला मोजमाप दिलं की तो दुखावत नाही, कामाला लागतो, उलट बंधन मिळालं की त्यांना जास्त सुचतं असं मी चांगल्या डिझायनरांकडून ऐकलंय. रिपोर्ट मागितल्यावर ते चिडलेच तर मग ते पॅनेल पॅसेजमध्ये नको हे तुम्हाला आपोआप कळेल.

नवऱ्याशी वाद घालू नका, त्याला आज रात्रीच्या त्या चालण्यात सोबत घ्या. डोळे त्याचे मिटा, वॉकर त्याच्या हातात द्या.

आणि हो, वॉकरवरून आठवलं, ड्रॉइंगमध्ये पलंग आहे, साइड टेबल आहे, पण रात्री वॉकर उभा कुठे करायचा ती जागा कोणीच दाखवलेली नसणार. पलंगाच्या कुठल्या बाजूने ते उतरतात हे बाबांना विचारा आणि तिथे दोन बाय दोन फुटांचा चौकोन पेन्सिलीने काढून त्यात काहीही ठेवायचं नाही असं लिहून ठेवा.